तिन्हीसांजेचा ताळेबंद

सूर्यास्त पाहायला माणसे गर्दी करतात आणि सूर्य बुडताच पाठ फिरवतात. गिरगावची चौपाटी असो, गणपतीपुळे असो की महाबळेश्वरचा मुंबई पॉइंट, लाल गोळा दिसेनासा झाला की पाच मिनिटांत सगळी गर्दी भेळेच्या गाडीभोवती आणि गाड्या लावल्या तिथे जमते. खेळ संपला, असेच सगळ्यांना वाटते. वास्तविक पाण्याचा आणि आकाशाचा खरा खेळ तिथून पुढे सुरू होतो आणि आपल्याकडे तो जेमतेम वीस-पंचवीस मिनिटे चालतो.

या वेळेला आपल्या भाषेत किती शब्द आहेत पाहा. कातरवेळ, तिन्हीसांज, दिवेलागण, संधिप्रकाश. खगोलशास्त्राने त्याचेच तीन काटेकोर भाग पाडले आहेत. सूर्य क्षितिजाखाली सहा अंश जाईपर्यंतचा तो नागरी संधिप्रकाश, बारा अंशांपर्यंतचा सागरी आणि अठरा अंशांपर्यंतचा खगोलीय. आपल्या अक्षांशावर सूर्य जवळजवळ सरळ खाली उतरतो, म्हणून नागरी संधिप्रकाश २२ ते २५ मिनिटांत आटोपतो. लंडनला तो तिरका उतरतो. तिथे जूनमध्ये मध्यरात्रीसुद्धा आकाश पुरते काळे होत नाही. थोडक्यात, आपल्या वाट्याला घाईची संध्याकाळ आली आहे, आणि ज्याला तिचे छायाचित्र घ्यायचे आहे त्याने रेंगाळून चालत नाही.

हे छायाचित्र आता कोणालाही घेता येते. खिशातल्या फोनमध्ये ‘पॅनोरमा’ नावाची सोय असते. फोन डावीकडून उजवीकडे हळूहळू फिरवला की अख्खा किनारा एका लांबलचक पट्टीत उतरतो. अशी चित्रे आज घरोघरी हजारोंनी साठली आहेत. माझे म्हणणे एवढेच आहे, की आपल्या नद्या, तलाव, खाड्या आणि समुद्र यांच्या काठांची एवढी मोठी नोंद यापूर्वी कोणत्याही पिढीने केली नव्हती आणि आपण ती नोंद हाताने खराब करत आहोत. चित्र सुंदर दिसावे म्हणून आपण त्याच्या दोन्ही कडा कापतो, आकाश बदलतो आणि त्यावर तारीख घालत नाही. ज्याने तीस वर्षे बँकेत दुसऱ्यांच्या नोंदी तपासण्यात घालवली त्याला हे पाहवत नाही, हे वाचकांनी समजून घ्यावे.

रुंद चित्राचे वेड जुने आहे. रॉबर्ट बार्कर या चित्रकाराने एडिंबरोच्या टेकडीवरून चहूबाजूंचे दृश्य रंगवले आणि या कल्पनेचे पेटंट १७८७ मध्ये घेतले. पुढे १७९३ मध्ये लंडनच्या लेस्टर चौकात त्याने त्यासाठी खास गोल इमारत उभारली. प्रेक्षकांनी मधल्या ओट्यावर उभे राहायचे आणि भोवतालच्या भिंतीवरचे चित्र फिरून पाहायचे. चित्राची वरची आणि खालची कड प्रेक्षकाला दिसणार नाही अशी त्यात व्यवस्था होती. चित्र कुठे संपते हे कळले नाही की माणसाला आपण प्रत्यक्ष तिथेच उभे आहोत असे वाटते, हे बार्करने ओळखले होते. ‘पॅनोरमा’ हा ग्रीक शब्दांवरून घडवलेला शब्द त्या काळातला.

छायाचित्रणाचा शोध १८३९ मध्ये जाहीर झाला आणि १८४० चे दशक संपण्यापूर्वीच पॅरिसमध्ये फ्रीडरिश फॉन मार्टेन्सने भिंग फिरवणारा कॅमेरा केला. त्यात सुमारे दीडशे अंशांचे दृश्य एका वाकवलेल्या पत्र्यावर उतरे. विसाव्या शतकाच्या आरंभी अमेरिकेत ‘सर्कट’ नावाचा कॅमेरा आला. तो तिकाटण्यावर स्वतःच गोल फिरे आणि आत फिल्म सरकत राही. शाळेचा गट उभा केला की डाव्या टोकाचा एखादा व्रात्य मुलगा कॅमेऱ्याची नजर पुढे सरकताच मागून धावत उजव्या टोकाला जाऊन उभा राही. चित्रात तो दोन्हीकडे हसताना दिसे.

या मुलाच्या खोडीत रुंद चित्राचे मर्म आहे. साधे छायाचित्र एका क्षणाचे असते. फिरत्या कॅमेऱ्याने घेतलेले रुंद चित्र अनेक क्षणांचे असते. फोन तरी काय करतो? अरुंद पट्ट्यांमागून पट्ट्या टिपतो आणि शेजारच्या पट्टीशी त्या जुळवून शिवतो. मोठे कॅमेरेवाले आठ-दहा चित्रे सुटी घेतात आणि नंतर जोडतात. भर दुपारी त्या अर्ध्या-एक मिनिटाने काही बिघडत नाही. कातरवेळी मात्र प्रकाश मिनिटागणिक ओसरत असतो. डाव्या टोकाचे आकाश थोडे आधीचे आणि उजव्या टोकाचे थोडे नंतरचे, अशी एकाच चित्रात वेळही पसरलेली असते. लाटा थांबत नाहीत म्हणून जोडाच्या जागी एखादी लाट तुटलेली दिसते, सरकती होडी कधी आखूड होते, कधी लांबते. पुष्कळांना हा दोष वाटतो. मला ती त्या चित्राची प्रामाणिक खूण वाटते.

आता आकाशाकडे वळू. सूर्य पश्चिमेला बुडतो म्हणून आपण पश्चिमेलाच पाहतो. त्याच वेळी पूर्वेला क्षितिजावर राखाडी-निळसर पट्टा वर चढू लागतो. ती पृथ्वीची स्वतःची सावली असते, वातावरणावर पडलेली. तिच्यावर गुलाबी रंगाची एक पट्टी दिसते. तिला ‘शुक्राचा पट्टा’ म्हणतात, शुक्र ग्रहाशी तिचा काही संबंध नसला तरी. मुंबईकरांना तर शहराच्या पूर्वेलाही समुद्र आहे याचाच विसर पडलेला असतो. हिवाळ्यातल्या स्वच्छ संध्याकाळी गेटवेच्या धक्क्यावर समुद्राकडे तोंड करून उभे राहा. चौपाटीवर पश्चिमेची गर्दी सूर्याला निरोप देत असते तेव्हा इथे घारापुरीच्या मागून आपल्या पृथ्वीची सावली उगवत असते. मोठ्या तलावाच्या मध्यात होडी असेल तर दोन्ही दृश्ये एका वेढ्यात बसतात. रुंद चित्राचा हा पहिला फायदा म्हणजे ते आपल्याला मान वळवायला लावते.

काही वेळाने सगळे आकाश गडद निळे होते. दिवसाच्या निळाईचे कारण आपण शाळेत शिकलेलो असतो. संध्याकाळच्या या निळाईचे कारण थोडे वेगळे आहे. डोक्यावरच्या आकाशाच्या निळेपणात या वेळी मोठा वाटा ओझोनच्या थराचा असतो. तिरपा प्रकाश त्या थरातून लांबचा प्रवास करतो आणि त्यातला पिवळा-नारिंगी भाग शोषला जातो. एडवर्ड हलबर्ट या अमेरिकन शास्त्रज्ञाने १९५३ मध्ये हे गणिताने दाखवून दिले.

संध्याकाळचे आकाश पुरावा कसा होते याचेही एक उदाहरण आहे. ऑगस्ट १८८३ मध्ये क्राकाटोआ ज्वालामुखीचा स्फोट झाला आणि पुढे कित्येक महिने जगभर संध्याकाळी विलक्षण लाल होऊ लागल्या. रंगीत छायाचित्रण तेव्हा हाताशी नव्हते. विल्यम अ‍ॅस्क्रॉफ्ट हा चित्रकार लंडनमध्ये थेम्सच्या काठी, चेल्सीला, बसून रंगखडूंनी त्या आकाशाची भराभर चित्रे काढत राहिला. पुढल्या दोन-तीन वर्षांत त्याने पाचशेहून अधिक चित्रे केली. क्राकाटोआवरच्या १८८८ च्या रॉयल सोसायटीच्या अहवालात त्यांतली काही छापली गेली. ती जपली गेली ती सुंदर होती म्हणून, आणि शास्त्रज्ञांच्या उपयोगी पडली ती ओळीने आणि वेळ पाहून काढलेली होती म्हणून.

आता पाणी. बँकेत आम्ही पहिल्या दिवशी शिकलो ते हे, की प्रत्येक जमेला कुठेतरी नावे असते. दोन्ही बाजू जुळल्या नाहीत तर घरी जाता येत नाही. कातरवेळच्या चित्रात आकाश ही एक बाजू आणि पाणी ही दुसरी. आकाशात आलेला प्रत्येक रंग पाण्यात उतरलाच पाहिजे, पण तंतोतंत तेवढाच नाही. दूरचे पाणी आपण तिरप्या नजरेने पाहतो, म्हणून ते क्षितिजाजवळचे आकाश जवळजवळ पुरते परत करते. पायाजवळच्या पाण्याकडे आपण वरून पाहतो, त्यातून थोडाच प्रकाश परततो, म्हणून ते काळसर दिसते. वारा सुटला की प्रतिबिंबाच्या उभ्या रेघा होतात. हा हिशेब निसर्ग ठेवतो आणि त्यात खाडाखोड करणारा पकडला जातो.

खाडाखोडीचा मोह मात्र जुनाच. गुस्ताव्ह ल ग्रे या फ्रेंच छायाचित्रकाराने १८५६-५७ च्या सुमारास समुद्राची जी चित्रे घेतली ती पाहून त्या काळचे लोक थक्क झाले होते. तेव्हाच्या काचपट्ट्या निळ्या रंगाला वाजवीपेक्षा अधिक संवेदनशील असत. समुद्र नीट उतरवावा तर आकाश पांढरे फटक पडे. ल ग्रेने काही चित्रांत दोन काचपट्ट्या वापरल्या, एक समुद्राची आणि एक ढगांची, आणि क्षितिजाच्या रेषेवर त्या जुळवून एकच चित्र छापले. त्याच्या कारागिरीला मी हात जोडतो. साधन अपुरे होते आणि डोळ्यांना जे दिसे ते कागदावर आणायला दुसरा मार्ग नव्हता.

आज साधन अपुरे नाही. तरीही २०२० मध्ये ‘फोटोशॉप’मध्ये एका कळीसरशी आकाश बदलण्याची सोय आली आणि आता तर हे काम फोनवरसुद्धा होते. पावसाळ्यातल्या मळकट संध्याकाळी घेतलेल्या चित्रावर दुसऱ्याच कोणत्या तरी देशाचे जांभळे-केशरी आकाश चढते. वर आग लागलेली असते आणि खाली खाडी राखाडीच असते. जमा आहे, नावे नाही! अलीकडे पाण्यालाही तोच रंग फासतात, म्हणजे दोन्ही वह्या खोट्या. करमणूक म्हणून कोणी असे केले तर माझी तक्रार नाही. पण त्याच्याखाली ‘आमच्या गावचा तलाव’ असे लिहू नये.

आकाशाहून महत्त्वाचा प्रश्न कडांचा आहे. चित्र रुंद घ्यायचे आणि नंतर डावीकडचा कचऱ्याचा ढीग, उजवीकडचे सांडपाण्याचे तोंड, मागची अर्धवट इमारत कापून टाकायची, अशी आपली रीत. उरते ते पाणी, आकाश आणि एखादी काळी होडी. असे चित्र तारकर्लीचे आहे की केरळचे, २००५ चे की काल संध्याकाळचे, काही सांगता येत नाही. चित्राचा गाव कडांवर असतो. दादरच्या चौपाटीवरून घेतलेल्या जुन्या चित्रात क्षितिज मोकळे दिसते. २००९ मध्ये वांद्रे-वरळी सागरी सेतू खुला झाला आणि त्याच जागेवरून सूर्यास्ताच्या आड तारांचे पंखे आले. हाजीअली आणि ब्रीच कँडीच्या बाजूला भर घालून झालेला सागरी किनारा मार्ग मार्च २०२४ पासून टप्प्याटप्प्याने सुरू झाला. त्याने तर पाण्याची कडच पुढे सरकवली. या गोष्टी चांगल्या की वाईट यावर मतभेद होतील, व्हावेत. पण पूर्वी तिथे काय दिसत होते, हे नातवंडांना सांगायला आपल्याकडे कडांसकट घेतलेले चित्र हवे.

रुंदी हा काही लोकांच्या पोटाचा प्रश्न असतो, हेही इथे नोंदवले पाहिजे. याच मार्गासाठी समुद्रात खांब उभे करताना वरळी कोळीवाड्यातील मच्छीमारांनी आंदोलन केले. दोन खांबांमधले अंतर ६० मीटर ठेवले तर होड्या सुखरूप बाहेर काढता येणार नाहीत, असे त्यांचे म्हणणे होते. अखेर २०२२ च्या डिसेंबरात ते १२० मीटर करण्याचे मान्य झाले. तिथून घेतलेल्या संधिप्रकाशाच्या चित्रात ती होडी म्हणजे आपल्या दृष्टीने एक काळी आकृती, पाण्याला शोभा आणणारी. प्रकाशाविरुद्ध चित्र घेतले की माणसाचा चेहरा जातो, हा भौतिकशास्त्राचा नियम झाला. पण चेहरा गेला म्हणजे माणूसही गेला, असे मानणे हा आपला आळस.

माझ्या नोकरीत इंदापूर तालुक्यात काही वर्षे काढली. उजनी धरण १९८० मध्ये पूर्ण झाले होते आणि भीमेचे पाणी मैलोगणती पसरले होते. हिवाळ्यात रोहित पक्षी येत, आजही येतात, आणि भिगवणच्या बाजूला संध्याकाळी होडीतून त्यांची चित्रे घेणाऱ्यांची रीघ असते. त्या काळी आम्ही शाखेतले दोघे-तिघे संध्याकाळी पाण्यावर जात असू. एकदा आमचा एक वयस्क खातेदार बरोबर होता. पाणी सोन्यासारखे झाले होते आणि मी मोठ्याने वाहवा केली. तो शांतपणे म्हणाला, ‘‘सायेब, झ्याक दिसतंय खरं. पर आमची हीर हितंच खाली हाय. आन् त्या तिकडं चिंच व्हती.’’ त्याच्या आवाजात राग नव्हता. त्याने बोटाने दाखवलेल्या जागी मला पाण्याखेरीज काहीच दिसले नाही. त्याला मात्र विहीर आणि चिंच दोन्ही दिसत होती.

त्या पाण्याचे आजचे कोणतेही सुंदर चित्र मी पाहतो तेव्हा महिना विचारतो. हिवाळ्यात ते नितळ आणि सपाट असते. दुष्काळी उन्हाळ्यात पाणी उतरते आणि पळसदेवचे बुडालेले जुने देऊळ कळसापासून खाली हळूहळू उघडे पडते. कोल्हापूरच्या रंकाळ्यातला संध्यामठही असाच पाण्याबरोबर झाकतो आणि उघडतो. त्या रंकाळ्याची आणि पंचगंगेच्या काठाची चित्रे आबालाल रहिमान यांनी आयुष्यभर काढली. १९३१ मध्ये ते गेले, तरी त्या काठांची आठवण कोल्हापूरकरांना आजही त्यांच्या रंगांतून होते. प्रागच्या योसेफ सुडेकचेही असेच. पहिल्या महायुद्धात त्याचा उजवा हात गेला होता. जुना, अवजड कोडॅक पॅनोरमा कॅमेरा घेऊन हा एकहाती माणूस शहरभर हिंडला आणि १९५९ मध्ये त्याचे रुंद चित्रांचे पुस्तक निघाले. त्यात व्हल्टावा नदीचे देखणे पूल आहेत आणि शहराच्या कडेची ओसाड माळरानेही आहेत. त्याने कडा कापल्या नाहीत म्हणून ते एका शहराचे चरित्र झाले.

मग सामान्य कुटुंबाने काय करावे? फार काही नाही. पाण्याकाठची एक जागा ठरवावी, वर्षातून एकदा किंवा दोनदा तिथेच उभे राहावे. सूर्य बुडाल्यावर दहा-पंधरा मिनिटे थांबावे. फोन छातीजवळ धरून, कोपर अंगाला टेकवून, क्षितिजाची रेषा सरळ ठेवत सावकाश वळावे. हात लांब करून फिरवला की जोड बिघडतात. सुट्या चित्रांपासून जोडणार असाल तर प्रकाशाचे माप पहिल्याच चित्राला कायम करावे आणि प्रत्येक चित्रात मागच्याचा तिसरा हिस्सा तरी येऊ द्यावा. डावीकडे आणि उजवीकडे न हलणारी एकेक खूण घ्यावी, एखादे देऊळ, धक्का किंवा टेकडी. पुढल्या वर्षी ताळा त्यावरूनच जुळतो.

समुद्रकिनारी असाल तर तारखेबरोबर तिथीही लिहावी. आपल्या किनाऱ्यावरचा जुना आडाखा असा, की तिथीची पाऊणपट केली की भरतीची वेळ अदमासे निघते. चतुर्थीला तीनच्या सुमारास, अष्टमीला सहाच्या सुमारास. म्हणजे अष्टमी-नवमीच्या संध्याकाळी भांगाची भरती असते आणि पौर्णिमा-अमावास्येच्या संध्याकाळी पाणी दूरवर ओसरलेले असते. मागे राहिलेली ओली वाळू अशा वेळी आरशासारखे आकाश दाखवते, आणि पौर्णिमा असेल तर पाठीमागून चंद्र वर येत असतो. पाणी कुठवर येते या एका रेषेवर किनाऱ्याचे नियम उभे आहेत. १९९१ च्या किनारा नियमन अधिसूचनेपासून भरतीरेषेवरून वाद चालू आहेत. ज्याच्यावर तिथी आणि वेळ आहे असे घरगुती चित्र निकाल लावणार नाही, पण गप्प तरी बसणार नाही.

यावर कोणी म्हणेल, सुटीच्या दिवशी चार घटका सौंदर्य पाहायला गेलो तर तिथेही तुम्ही वही उघडायला सांगता! हा आक्षेप मला मान्य आहे, कारण मीही आधी सौंदर्यासाठीच जातो. परंतु तारीख घातल्याने संध्याकाळ कमी सुंदर होत नाही. उलट इतक्या वर्षांच्या अनुभवाने सांगतो, कडेचा कचरा आणि होडीतला माणूस डोळ्यांआड न करता जो त्या निळ्या पाण्याकडे पाहतो, तो अधिक वेळ पाहतो.

तेव्हा पुढच्या रविवारी गेलात तर सूर्य बुडाल्यावर लगेच निघू नका. मुलांना पूर्वेकडे वळवून ती चढती सावली दाखवा. मग चित्र घ्या, कडांसकट. घरी आल्यावर त्याची एक प्रत कागदावर छापून घ्या आणि मागे जागा, तारीख, वेळ, तिथी लिहून ती घरच्या महत्त्वाच्या कागदपत्रांत ठेवा. फोन चार वर्षांत बदलतो. काठ त्याआधीही बदलू शकतो.